फुलेऱ्याला जाऊन आलो

मराठी मालिकांमधलं खेडं साताऱ्याला सुरू होतं आणि सावंतवाडीला संपतं. जरा फटकळपणे लिहितोय, पण तुम्हीच आठवून बघा. 'लागिरं झालं जी'मधलं गाव सातारा जिल्ह्यातलं. 'तुझ्यात जीव रंगला'मधला राणादाचा वाडा कोल्हापूरजवळच्या वसगड्याचा. 'रात्रीस खेळ चाले'मधला नाईकांचा वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीचा. शेत म्हटलं की ऊस, नाहीतर नारळी-पोफळी. गावातला माणूस म्हटला की त्याने 'आरं' आणि 'न्हाय' म्हणायलाच हवं. आमच्या भंडारा जिल्ह्यात टीव्हीसमोर बसलेली माणसं वर्षानुवर्षं हेच बघत आली आहेत, आणि आता तर आमच्याकडची शाळकरी पोरं गॅदरिंगच्या नाटकात शेतकरी झाली की कोल्हापुरी बोलायला लागतात. धानाच्या बांधीत उभं राहून!

विदर्भ टीव्हीवर आलाच नाही असं नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरची होती, पण ती राहत होती ठाण्याच्या सोसायटीत. म्हणजे बोली आली, गाव काही आलं नाही. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुऱ्यांनी वऱ्हाडी घराघरात नेली आणि त्याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण ते अमरावतीकडचे, त्यांची बोली वेगळी. मुंबईच्या लेखी नागपूरच्या अलीकडचं-पलीकडचं सगळंच 'वऱ्हाडी' आणि सगळंच हसण्यासाठी. आमच्या झाडीबोलीचा तर कुणाला पत्ताच नाही. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा 'डोया'. आमच्याकडे त्याचा 'र' होतो, डोळ्याचा 'डोरा'. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातलं, झाडीबोली साहित्य मंडळ उभं केलं, संमेलनं भरवली. टीव्हीपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

असो. हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आम्ही नुकतेच एका मालिकेचं गाव बघून आलो. मालिका मराठी नाही, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.

मालिका म्हणजे 'पंचायत'. ज्यांनी पाहिली नसेल (असे वाचक थोडे असतील, पण आमचे नागपूरचे काका आहेत) त्यांच्यासाठी थोडक्यात. अभिषेक त्रिपाठी नावाच्या शहरी मुलाला चांगली नोकरी मिळत नाही, म्हणून तो उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या फुलेरा गावात पंचायतीचा सचिव म्हणून येतो. सरपंच कागदावर मंजूदेवी (नीना गुप्ता), कारभार मात्र नवऱ्याचा (रघुवीर यादव). पहिला भाग एप्रिल २०२० मध्ये आला, टाळेबंदी नुकतीच सुरू झाली होती. घरात अडकलेल्या लोकांनी ते गाव अक्षरशः वापरून घेतलं. मग २०२२, २०२४ आणि जून २०२५ मध्ये पुढचे भाग आले. २०२३ च्या इफ्फीत, म्हणजे गोव्याच्या चित्रपट महोत्सवात, वेब सिरीजसाठीचा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, तो याच मालिकेला. तमिळ आणि तेलुगूमध्येही तिच्या आवृत्त्या निघाल्या.

आमच्या घरी ही मालिका लागली ती मुलीमुळे. पण तिला चिकटून बसली ती माझी आत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, मराठी मालिकांची जुनी प्रेक्षक. पहिल्या भागात पंचायतीच्या कुलपाची किल्ली हरवते तेव्हा ती म्हणाली, "हे तं आपल्याच गावावानी हाये!" आणि खरंच होतं. बायको सरपंच आणि नवरा 'सरपंचपती' हे आम्ही आमच्या तालुक्यात किती पाहिलं आहे. सौर दिव्यांचे तेरा खांब आले की कुणाच्या दारात कुठला लावायचा यावर होणारं राजकारण, बदलीची वाट बघत झुरणारा ग्रामसेवक, छपरावरचा दुधी, लग्नघरची प्लॅस्टिकची खुर्ची... एवढं आमचं गाव मला कुठल्याच मराठी मालिकेत दिसलं नव्हतं. आत्याला तर ती हिंदीसुद्धा परकी वाटली नाही. वाटणार कशी? भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. आमच्या बाजारात, कचेरीत, आजोबांच्या शिव्यांत हिंदी पहिल्यापासून आहे. सांगायचा मुद्दा, साताऱ्याची मराठी ऐकताना आत्या पाहुणी असायची आणि फुलेऱ्याची हिंदी ऐकताना घरची.

मग मुलीने शोधून काढलं की फुलेरा बलियात नाहीच. चित्रीकरण झालं मध्य प्रदेशात, सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. भंडाऱ्याहून गाडीने साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटर. म्हणजे वसगड्यापेक्षा आणि आकेरीपेक्षा कितीतरी जवळ! दिवाळी झाली, धान निघाले, आणि आम्ही चौघं निघालो. मी, सौ., मुलगी आणि पुढच्या सीटवर हट्टाने बसलेली आत्या.

या रस्त्याबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. नागपूर, सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी, नर्मदापुरम, भोपाळ. पांढुर्ण्याला चहाच्या टपरीवर मराठी ऐकू येते, महाराष्ट्राची हद्द मागे गेली तरी. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार खेळणारं गाव ते हेच.) मुलताई म्हणजे मूळतापी, तापीचा उगम तिथला. वर्धेचा उगमही त्याच भागातला. आत्याने मुलताईच्या कुंडातलं पाणी डोळ्यांना लावलं आणि विचारलं, "मंग आपली वैनगंगा कोठून येते?" मी सांगितलं, तीही याच राज्यातून, शिवनी जिल्ह्यातून येते.

त्यावरून एक गंमत आठवली. आमच्या वैनगंगेचं नाव जगभर पोचलं ते रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मुळे. १८९४ चं पुस्तक. मोगलीचं जंगल शिवनीचं आणि नदी वैनगंगा. आणि किपलिंगने ते लिहिलं कुठे? अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा तेव्हा भंडाऱ्यातली सगळी पोरं टीव्हीपुढे असायची. त्यातल्या एकालाही कुणी सांगितलं नाही की अरे, ही गोष्ट तुमच्या नदीची आहे. जपानी चित्रं, हिंदी आवाज, इंग्रज लेखक, आणि नदी आमची. टीव्हीने आमची नदी आमच्यासमोर आणली तरी आम्हाला ती ओळखू आली नाही, इतकी ती आम्ही टीव्हीच्या लायक समजलो नव्हतो.

भोपाळला मुक्काम करून सकाळी महोडियाला पोचलो. सीहोरचा गहू प्रसिद्ध, शरबती. दोन्ही बाजूंना कोवळा गहू होता. भातखाचरात वाढलेल्या आत्याला ती सपाट, बांध नसलेली शेतं काही पटेनात. गावात शिरलो आणि पहिल्यांदा दिसली ती टाकी. पहिल्या भागाच्या शेवटी अभिषेक जिच्यावर चढतो आणि तिथे त्याला रिंकी भेटते, ती पाण्याची टाकी. मुलीच्या तोंडून चित्कारच निघाला. आमच्यासारखेच बाहेरून आलेले आणखी एक-दोघं खाली उभे राहून फोटो काढत होते. पंचायतीची इमारत दिसली, ओळखीच्या गल्ल्या दिसल्या. आम्हीही फोटो काढले. खोटं कशाला बोला, मजा आली. चार वर्षं ज्या गावाला आपण आपलं म्हणत होतो तिथली माती चपलांना लागली की बरं वाटतंच.

पण एका ओट्यावर मटार सोलत बसलेल्या बाईंजवळ आत्या जाऊन टेकली. दोघींच्या दोन हिंद्या. गहू-तांदूळ, सुना, गुडघे असे सगळे विषय दहा मिनिटांत झाले. त्या बाईंनी विचारलं, "आप लोग कहाँ के?" आत्या म्हणाली, "भंडारा." "वो कहाँ पड़ता है?" आत्याने सांगायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, फुलेरा बघायला आलो. त्यावर बाई हसून म्हणाल्या, "फुलेरा तो टीवी में है। हम तो महोडिया के हैं।"

परत येताना माझ्या डोक्यात तेच वाक्य होतं. महोडियाने आपला चेहरा दिला, पण नाव दिलं फुलेऱ्याचं. जिल्हा दाखवला बलिया, जो तिथून शेकडो किलोमीटर दूर आहे. बलियावाल्यांच्या वाट्याला नाव आलं, गाव आलं नाही. सीहोरवाल्यांच्या वाट्याला गाव आलं, नाव आलं नाही. कथेला हे चालतं, त्यात कुणाची फसवणूक नाही. आर. के. नारायण यांचं मालगुडीसुद्धा नकाशावर नव्हतं. शंकर नाग यांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसाठी 'मालगुडी डेज' केलं तेव्हा कर्नाटकातल्या आगुंब्याला मालगुडी केलं. त्या मालिकेत दिसलेल्या अरसाळू रेल्वे स्थानकात २०२० मध्ये रेल्वेने मालगुडीचं संग्रहालय केलं. कल्पनेतल्या गावाचं खरं संग्रहालय! मला त्याचा आनंदच वाटतो. कारण त्या निमित्ताने ते छोटं स्थानक जपलं गेलं. कॅमेरा एकदा येऊन गेला की जागा जपली जाते, हे मला त्यातून दिसलं. आणि न आला तर काय होतं, ते मला आत्याकडून माहीत आहे.

आत्याचं सासर पवनी तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या नावाने आता पुनर्वसनाची वसाहत आहे आणि मला मूळ गावाबद्दल बोलायचं आहे. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. पुढे धरण उभं राहत गेलं, पाणी चढत गेलं आणि वैनगंगेकाठची गावं एकेक करून उठली. आत्याचं गावही उठलं. धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. पाणी कुणाला नको असतं, आणि त्या वादात पडलो तर हा लेख संपायचा नाही. मी एवढंच सांगतोय की ते गाव आज बघता येत नाही. महोडियाला गाडी घेऊन जाता येतं, आगुंब्याला जाता येतं. आत्याच्या गावाला नावेनेही जाता येत नाही, कारण पोचायचं कुठे?

त्या गावाचं चालतं-बोलतं चित्र जगात एकच आहे. आत्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची कॅसेट, १९९६ सालची. तेव्हा भंडाऱ्याहून व्हिडिओवाला बोलावणं म्हणजे मोठी ऐट होती. तीन तासांची व्हीएचएस कॅसेट. त्यात हृदयाच्या आकारात नवरा-नवरी फिरतात, गुलाबाच्या पाकळ्या पडतात, सिनेमाची गाणी लागतात... तुमच्याही घरी असेल तशीच. पण आमच्या घरी ती लागली की नवरीकडे कुणी बघत नाही. सगळे बघतात नवरीच्या मागे. वरात जाते त्या गल्लीत कवेलूची घरं दिसतात. चौकातली विहीर दिसते. पारावर बसलेले म्हातारे दिसतात, त्यातले आज कुणीच नाहीत. एक बाई कॅमेऱ्यावर ओरडते, "काहून रे, माहा कायले फोटो काढतेस?" आणि पदर तोंडावर घेते. तिचं ते एक वाक्य ऐकायला आत्या कॅसेट मागे घ्यायला लावते. त्या व्हिडिओवाल्याला कल्पनाही नसेल की त्याने लग्नाचं नाही, एका गावाचं चित्रीकरण केलं.

म्हणून मला वाटतं, आमच्याकडे कॅमेरा यायला हवा. प्रसिद्धीसाठी नाही, पर्यटनासाठी तर नाहीच. माणसं कशी बोलत होती, घरं कशी होती, बांधीत चिखल करताना काय ओरडत होती, हे कुठेतरी राहावं म्हणून. मालिका किंवा सिनेमा हा काही दस्तऐवज नव्हे, ते नाटकच असतं, हे मला कळतं. पण नाटकाच्या मागे जे नकळत येतं ते खरं असतं, जसं नवरीच्या मागे.

आता यावर येणारे आक्षेप मला आधीच ऐकू येतात. (आमच्या घरातच दोन आक्षेपवाले आहेत.)

पहिला, अंतराचा. मुंबई भंडाऱ्यापासून सुमारे नऊशे किलोमीटर. कलाकार, दिवे, जेवणखाण सगळं घेऊन एवढ्या लांब कोण येणार? कोल्हापूरला त्यांचं बरं चाललंय. तिथे बाबुराव पेंटरांपासूनची परंपरा आहे, १९२९ मध्ये प्रभात तिथेच सुरू झाली, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ तिथलाच, आज चित्रनगरी आहे. दिवेवाला, मेकअपवाला, बारीकसारीक भूमिका करणारी माणसं हाताशी मिळतात. हे सगळं मान्य. पण 'पंचायत'वाले मुंबईहून सीहोरला गेलेच ना? मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गसुद्धा जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर. रामटेकला चित्रनगरी उभारायची घोषणाही झालेली आहे. अंतर हे कारण आता पूर्वीएवढं दमदार राहिलेलं नाही. आणि माणसं म्हणाल तर वडशाला या.

तिथे दुसरा आक्षेप येतो. आमच्याकडे झाडीपट्टी रंगभूमी आहे की! टीव्ही हवा कशाला? दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा-देसाईगंज हे नाटक कंपन्यांचं ठाणं. शंकरपट असेल तिथे नाटक असतंच. २०१४ मध्ये न्यायालयाच्या बंदीने पट थांबले होते, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. पट परत आले आणि मंडपही परत भरले. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टीची ओळख नव्याने करून दिली, जशी काही ती कालच सुरू झाली होती. थंडीत चादर पांघरून पहाटेपर्यंत तिकीट काढून नाटक बघणारे हजार-हजार प्रेक्षक मुंबईला मिळतात का विचारा.

या रंगभूमीचा मला अभिमान आहे. लहानपणी खांद्यावर झोपून मी ती पाहिली आहे. पण अभिमान बाजूला ठेवून दोन गोष्टी सांगतो. एक, नाटक पहाटे संपलं की संपलं. ते गेल्यावर मागे मैदानात तुराट्या आणि शेंगांची टरफलं राहतात. दुसरी, यातली बरीचशी नाटकं प्रमाण मराठीतच असतात. झाडीबोली ऐकू येते ती दंडारीत, खडी गंमतीत आणि विनोदी पात्राच्या तोंडी. म्हणजे आमच्याच मंचावर आमची बोली हसवायच्या कामाला! नायक रडतो तो पुणेरी मराठीत. हे मुंबईने आमच्यावर लादलेलं नाही, आमचं आम्हीच ठरवलं आहे की दुःख करायला ही बोली कमी पडते. मला हे मान्य नाही. आत्याने गाव सोडताना जे काही म्हटलं ते प्रमाण मराठीत म्हटलं नव्हतं, आणि त्यात काही कमी पडलं नव्हतं.

तिसरा आक्षेप सौ.चा, आणि तो सर्वांत वजनदार. कॅमेरा येतो तिथे गर्दी येते. राणादाचा वाडा बघायला, अण्णा नाईकांचा वाडा बघायला लोक गाड्या भरभरून जायचे. बाहेरचे येतात, लोकांच्या अंगणात शिरतात, फोटो काढतात, कचरा टाकतात. शिवाय कथा कशी निघेल याचाही भरवसा नसतो. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा कोकण म्हणजे भुताखेतांचा प्रदेश असं चित्र उभं राहतं म्हणून सिंधुदुर्गातूनच आक्षेप घेतले गेले होते. उद्या आमच्याकडे मालिका आली आणि तिने झाडीपट्टी म्हणजे नक्षलवादी, वाघ आणि करणी एवढंच दाखवलं तर? सौ. म्हणते, न दिसलेलं बरं.

तिच्या भीतीत तथ्य आहे. पण याच मालिकेने मालवणी रोज रात्री साऱ्या महाराष्ट्राच्या घरात नेली, आणि तीही फक्त विनोदासाठी नाही. त्यात माणसं मालवणीत भांडली, घाबरली, कटकारस्थानं केली, मेली. आमच्या आत्याला सावंतवाडी कुठे आहे ठाऊक नव्हतं, पण चार मालवणी शब्द तिला येतात. त्याच्या उलट, महाराष्ट्रात किती जणांना झाडीबोलीचे चार शब्द येतात?

माझ्या मते उत्तर 'सैराट'मध्ये आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. २०१६ मध्ये त्यांनी सिनेमा केला तो करमाळ्यातच, तिथल्याच बोलीत, बरीचशी तिथलीच नवी पोरं घेऊन. त्या सिनेमात गाव शोधायला बाहेरचा माणूस गेला नव्हता, गावातला माणूस कॅमेरा घेऊन घरी आला होता. सातारा भागातल्या तरुणांनी यूट्यूबवर 'गावाकडच्या गोष्टी' केल्या त्याही कुठल्या वाहिनीची वाट न बघता. म्हणून मुंबईला 'आमच्याकडे या' अशी विनवणी करण्यात मला रस नाही. वडशाच्या कलाकारांनी, साकोली-लाखनी-तुमसरच्या पोरांनी स्वतः लिहावं. अभिनय येणारी माणसं इथे ढिगाने आहेत, रात्रभर संवाद पाठ म्हणणारी. कमी आहे ती फक्त आपल्या बोलीत गंभीर गोष्ट लिहिण्याच्या हिमतीची. आणि एक अट मात्र माझी राहील: गावाचं नाव खरं ठेवा. फुलेरा करू नका. उद्या पालांदूरला किंवा आंधळगावला चित्रीकरण झालं तर पडद्यावर तेच नाव दिसू द्या, म्हणजे मटार सोलणाऱ्या बाईंना पाहुण्यांना समजावत बसायला नको.

हे कधी होईल ते होवो. तोवर नातेवाईकांसाठी एक काम सांगतो, आणि हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला होता.

फुलेऱ्याहून परतल्यावर आत्याची कॅसेट मी नागपूरला नेली, संगणकात उतरवून घ्यायला. फितीला बुरशी लागली होती. तीन तासांपैकी चाळीस मिनिटं नीट निघाली, बाकी नुसते पांढरे पट्टे. वरात निघाली, विहीर निघाली. पदर तोंडावर घेणारी बाईही निघाली, चित्र हलतं पण आवाज स्वच्छ आहे. जेवणाच्या पंगती आणि नदीचा घाट मात्र गेला. दुकानदार म्हणाला, अजून दोन पावसाळे थांबला असतात तर एवढंही मिळालं नसतं. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्येच थांबली. आता जे जुने यंत्र कुणाच्या माळ्यावर चालू आहे तेच आहे.

तेव्हा ज्यांच्या कपाटात १९९० च्या आसपासच्या लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या कॅसेटी आहेत त्यांनी त्या या महिन्यातच काढा. उमरेडचे मामा, तुमच्याकडे दोन आहेत, मला माहीत आहे. अर्जुनी मोरगावच्या ताई, तुझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तलावाची पाळ आणि जुनी शाळा आहे, ती शाळा आता पाडली. बुरशी पुसायच्या भानगडीत घरी पडू नका, कापडाने घासू नका, लावून बघण्याचा मोहही आवरा. फीत तुटते. कोरड्या पिशवीत घालून माझ्याकडे पाठवा, नागपूरच्या फेरीत मी देईन. आणि उतरवून झालं की नवरीकडे एकदा बघून घ्या, मग दुसऱ्यांदा लावा आणि मागे कोण कोण उभं आहे त्यांची नावं वहीत लिहा. आत्या अजून सगळ्यांना ओळखते. तिच्या वहीत चाळीस मिनिटांतली एकसष्ट नावं झाली आहेत, आणि विहिरीजवळच्या तीन माणसांवरून तिचा आणि धाकट्या आत्याचा वाद अजून चालू आहे.